स्टॅगहॉर्न फर्नची तपकिरी पानं ओरबाडू नका. आधी बूड तपासा

नर्सरीतून आणलेला स्टॅगहॉर्न फर्न थोड्याच दिवसांत मलूल पडला, तर बऱ्याचदा रोग नसतो. निगा चुकलेली असते.

मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाकडचा हा फर्न मातीत नाही, झाडाच्या खोडावर वाढतो. पण बांडगुळासारखा झाडाचा रस शोषत नाही. सांबराच्या शिंगांसारखी त्याची हिरवी पानं बाहेर लोंबतात. बुडाशी ताटलीसारखी गोल पानं चिकटलेली असतात, ती कालांतरानं तपकिरी होतात. मेली समजून ती काढू नका. तीच मुळांना झाकतात, ओल धरतात. आपल्याकडच्या झाडांवरच्या बाशिंगालाही अशी तपकिरी पानं असतात. शिंगांच्या टोकाखालची तपकिरी भुकटी म्हणजे बीजाणू. तो रोग नव्हे. पानांवरची पांढरी लवही पुसू नका.

बूड काळं, मऊ पडलं तर पाणी जास्त झालंय. पाणी थांबवा, पावसात असेल तर हवेशीर सावलीत हलवा. पानं लुळी, टोकं सुकलेली आणि बूड कोरडं असेल तर पाणी कमी पडतंय. बादलीत 10-15 मिनिटं बुडवून निथळू द्या.

मातीच्या कुंडीत असेल तर काढून नारळाच्या काथ्यासह फळीला बांधा. मधला कोंब झाकू नका. पुढचं पाणी काथ्या सुकल्यावरच.