इंजिनाची पुनर्बांधणी
मोटारीचे झिजलेले इंजिन पूर्णपणे सुटे करून, सदोष भाग बदलून ते पुन्हा जुळवणे यास इंजिनाची पुनर्बांधणी किंवा ओव्हरहॉलिंग म्हणतात. निळसर धूर व ऑइलचा वाढता खप ही झिजेची लक्षणे होत. कॉम्प्रेशन चाचणीत दाब कमी आढळल्यास सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून ती पुन्हा करतात. दाब वाढल्यास दोष बहुधा पिस्टन रिंगांचा वा सिलिंडरचा असतो. न वाढल्यास व्हॉल्व्हचा अथवा हेड गॅस्केटचा, आणि त्यासाठी सहसा केवळ हेड उतरवणे पुरते. ब्लॉकला मोठा तडा गेल्यास मात्र इंजिन बदलणे श्रेयस्कर ठरते. भारतात इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असल्याने या बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. खासगी मोटारीच्या नोंदणीचे १५ वर्षांनी तपासणीअंती नूतनीकरण होते; सांगाडा गंजलेला असल्यास नव्या इंजिनावरील खर्चही वाया जाऊ शकतो.