होमर सिम्पसनची जन्मतारीख

शाळेच्या वादविवाद मंडळात चर्चेचा विषय आहे: देशभरातल्या महामार्गांवरची वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आणावी की नाही? आर्टी झिफ नावाचा हुशार विद्यार्थी मुद्देसूद बोलतो. होमर सिम्पसनला वादविवादात काडीचाही रस नाही, तो आलाय तो समोर बसलेल्या मार्जसाठी. तरी तो उठतो आणि ठणकावून सांगतो की, चार जीव वाचतील हे ठीक, पण लाखो लोकांना उशीर होईल त्याचं काय?

‘द सिम्पसन्स’च्या दुसऱ्या हंगामातल्या, ३१ जानेवारी १९९१ रोजी दाखवलेल्या ‘द वे वी वॉज’ या भागातला हा प्रसंग. आपल्याकडे पाहणाऱ्याला यात होमरचा भाबडा अडाणीपणा दिसतो आणि हसू येतं. त्या काळच्या अमेरिकी प्रेक्षकाला त्यापलीकडचंही काही दिसत होतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी इंधन वाचवण्यासाठी ५५ मैलांच्या मर्यादेच्या कायद्यावर सही केली. मर्यादा आली ती तेलासाठी, जीव वाचतात हा मुद्दा पुढे तिच्या बचावाला आला. कित्येक वर्षं त्या मर्यादेखाली गाडी हाकलेला माणूस १९९१ मध्ये दूरचित्रवाणीसमोर बसला होता, आणि होमर त्याच्याच मनातलं बोलत होता. १९९५ मध्ये ती राष्ट्रीय मर्यादा रद्द झाली. त्यानंतर वयात आलेल्या अमेरिकनालाही हा विनोद आता समजावून सांगावा लागतो.

अ‍ॅनिमेशन मालिकेतले सांस्कृतिक संदर्भ म्हणजे जाणकारांनी ओळखून खूश व्हायची कोडी, असं बहुतेकदा मानलं जातं. ‘द वे वी वॉज’ पाहिला की ही समजूत टिकत नाही. पुढे नवरा-बायको झालेल्या होमर आणि मार्जच्या घरातला टीव्ही बंद पडतो, करमणुकीला काही उरत नाही, तेव्हा बार्ट आणि लिसा या मुलांना आईबाबांची भेट कशी झाली ही गोष्ट सांगितली जाते. मग गोष्ट १९७४ मध्ये जाते. शाळेचं शेवटचं वर्ष. मार्ज स्त्रियांच्या हक्कांसाठी भाषण करते, सगळ्यांसमोर अंतर्वस्त्र जाळते आणि शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर एका खोलीत थांबवली जाते. होमर तिथे सिगारेट ओढल्याच्या शिक्षेवर आधीच बसलेला असतो. ती दारातून आत येते, कार्पेंटर्सचं ‘क्लोज टू यू’ वाजू लागतं आणि होमरचा कारभार तिथेच आटोपतो. ते गाणं १९७० चं, म्हणजे १९७४ मध्ये चार वर्षं जुनं. शाळकरी मुलाच्या मनात असंच, थोडं शिळं झालेलं गाणं वाजतं. ही निवड मला फार अचूक वाटते.

मार्ज कोण आहे हे आपल्याला १९७४ या सालावरून कळतं. स्त्रीमुक्तीची चळवळ अमेरिकेतल्या छोट्या गावांपर्यंत पोचली होती आणि मुलींपुढे पहिल्यांदाच निरनिराळ्या वाटा उघडत होत्या. अशा वेळी ती निरोपाच्या नाचाला हुशार, नाव काढणाऱ्या आर्टीबरोबर जाते. परतताना गाडीत तो अंगचटीला येतो, तिच्या पोशाखाचा पट्टा फाटतो. ती त्याला घरी सोडायला लावते, मग स्वतःची गाडी काढून, रस्त्याने एकटा चालत निघालेल्या होमरला गाठते. होमरने तिच्यासाठी आणलेला फुलांचा गुच्छ त्या फाटलेल्या पट्ट्याला टाचणीने लावला जातो. शिकलेल्या, ठाम मुलीने केलेली ही निवड आहे. तिच्याभोवतीचं दशक काढून घेतलं तर ती निवड किती मोठी होती, हेच कळणार नाही.

पण हेच दशक पुढे लेखकांच्या गळ्यात अडकलं. १९७४ मध्ये शाळा संपली तर होमरचा जन्म १९५६ च्या आसपासचा. फेब्रुवारी १९९३ च्या एका भागात त्याचा वाहन परवाना पडद्यावर येतो, त्यावर तारीख आहे १२ मे १९५६. डिसेंबर १९९१ च्या ‘आय मॅरीड मार्ज’मध्ये १९८० साल आहे, ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ चित्रपटगृहात लागलाय आणि बार्टची चाहूल लागते. डिसेंबर १९९२ च्या भागात लिसाच्या जन्माला १९८४ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक आहे. त्या वर्षी मॅकडोनाल्ड्सने अमेरिका जिंकेल त्या प्रत्येक स्पर्धेमागे खाणं फुकट वाटण्याची योजना काढली होती आणि सोव्हिएत गटाने बहिष्कार टाकल्यामुळे अमेरिकेला पदकंच पदकं मिळाली. मालिकेतल्या क्रस्टी विदूषकाने आपली सोडत कम्युनिस्ट देश कधीच हरत नाहीत अशा खेळांवर बेतलेली असते, तो बुडतो. बार्ट दहा वर्षांचा, लिसा आठ. त्या दोन-तीन वर्षांत सगळी गणितं चोख जुळत होती. हिशेबात एकही चूक नव्हती.

चूक काळाने केली. मालिका चालूच राहिली आणि बार्ट दहा वर्षांचाच राहिला.

हा नियम आला कॉमिक पट्टीतून. मालिकेचा निर्माता मॅट ग्रेनिंग मूळचा पट्टी काढणारा चित्रकार, आणि पट्टीतली माणसं वाढत नसतात. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून शाळेतच आहे आणि आपल्यापैकी कुणी त्याची दहावी कधी झाली असं विचारत नाही. पण चिंटूचे पप्पा कोणत्या साली कॉलेजात होते, हे आपल्याला सांगितलेलं नसतं. ‘सिम्पसन्स’ने ते सांगितलं. वय न वाढणाऱ्या माणसांना त्यांनी तारखा असलेला भूतकाळ दिला. संदर्भ जितका नेमका, तितकी पुढची विसंगती अटळ.

सातत्यातल्या सगळ्या चुका मात्र या जातीच्या नसतात. काही निव्वळ हातून झालेल्या असतात. जानेवारी १९९० मध्ये दाखवलेल्या ‘होमर्स ओडिसी’ या भागात स्मिदर्स, म्हणजे अणुभट्टीचा मालक मिस्टर बर्न्स याचा सावलीसारखा मदतनीस, गडद तपकिरी कातडीचा आणि निळ्या केसांचा दिसतो. पुढे तो बाकीच्यांसारखा पिवळा. यामागे काही दडलेला अर्थ आहे का, यावर चाहत्यांनी पुष्कळ खल केला. दिग्दर्शक डेव्हिड सिल्व्हरमन यांनी सांगितलेलं कारण साधं आहे: तो पहिल्यापासून पिवळाच असायचा होता, रंग चुकला आणि तसाच प्रसारित झाला. रेखाटनाची आखणी अमेरिकेत व्हायची, मधली हजारो चित्रं आणि रंगकाम दक्षिण कोरियात. एक भाग लिहिण्यापासून दिसण्यापर्यंत कित्येक महिने जात. समुद्रापार रंगून आलेला भाग परत पाठवणं म्हणजे पैसा आणि प्रसारणाची तारीख दोन्ही पणाला लावणं. होमरचा मित्र बार्नी याचे केसही सुरुवातीच्या भागांत कातडीच्याच पिवळ्या रंगाचे आहेत, नंतर ते तपकिरी झाले. ‘द वे वी वॉज’मध्येही अशी एक चूक सापडते. व्हॅन मॅकॉयचं ‘द हसल’ त्यात वाजतं आणि ते गाणं १९७५ चं आहे. १९७४ च्या गोष्टीत पुढच्या वर्षीचं गाणं! मला ती चूक खुपत नाही. त्या वयाचा रंग त्या गाण्यात बरोबर आहे.

अशा चुका शोधणारा प्रेक्षक व्हिडिओ कॅसेटच्या काळात तयार झाला. दृश्य थांबवता येऊ लागल्यावर लेखकही थांबवल्याशिवाय वाचता न येणाऱ्या पाट्या मुद्दाम घालू लागले. या प्रेक्षकाला मालिकेने ९ फेब्रुवारी १९९७ च्या ‘इची अँड स्क्रॅची अँड पूची शो’मध्ये समोर उभंच केलं. भाग संख्येने १६७ वा, म्हणजे ‘फ्लिंटस्टोन्स’ या जुन्या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या १६६ भागांचा विक्रम मोडणारा. त्यात कॉमिकच्या दुकानात जमलेल्यांपैकी एक चाहता विचारतो, की अमुक कार्टूनमध्ये उंदराने मांजराच्या सांगाड्याची तीच बरगडी लागोपाठ दोनदा वाजवली, मग सूर दोन वेगवेगळे कसे निघाले? होमर उलट त्यालाच विचारतो, की एवढा मोठा माणूस मुलांचं कार्टून पाहण्यात वेळ का घालवतो. चाहता खजील होऊन प्रश्न मागे घेतो. प्रसंग लिहिलाय सुरेख, पण माझी बाजू त्या चाहत्याची आहे. बरगडी कोणती वाजली हे ज्याने पाहिलं, त्याने चित्रकाराचं काम पाहिलं. आवडीशिवाय इतकं बारीक कुणी पाहत नाही.

आणि असंच बारीक पाहणाऱ्यांना २७ जानेवारी २००८ च्या ‘दॅट नाइन्टीज शो’ने दुखावलं. नाव फॉक्स वाहिनीच्याच ‘दॅट सेव्हन्टीज शो’वरून घेतलेलं. मार्जचं विद्यापीठाचं पदवीपत्र मुलांच्या हाती लागतं आणि आईबाबा लग्नाआधी काय करत होते याची नवी हकीकत सुरू होते. साल आता १९९० नंतरचं. मार्ज विद्यापीठात शिकते, होमर वडिलांच्या लेझर टॅगच्या धंद्यात राबून तिची फी भरतो. ती एका प्राध्यापकाकडे ओढली जाते. होमर दुःखात ‘सॅडगॅझम’ नावाचा बँड काढतो आणि ग्रंज संगीत जन्माला घालतो. यात निर्वाना आणि बुश या बँडांची विडंबनं आहेत, ‘ग्लिसरीन’चं ‘मार्जरीन’ झालंय. एक माणूस फोन उचलून आपला चुलतभाऊ कर्ट कोबेन याला ते नवं संगीत ऐकवतो. ही ‘बॅक टू द फ्यूचर’मधल्या चक बेरीच्या प्रसंगाची नक्कल.

हे अनवधानाने घडलेलं नाही. १९९१ चा भाग अल जीन, माइक रीस आणि सॅम सायमन यांनी लिहिला होता, आणि २००८ मध्ये मालिकेची धुरा अल जीन यांच्याकडेच होती. नवा भाग लिहिणारे मॅट सेल्मन पुढे स्वतः मालिकेचे सूत्रधार झाले. १९७४ ची त्यांना पक्की माहिती होती. २००८ मध्ये जुनी तारीख पाळायची तर होमर बावन्न वर्षांच्या घरात आणि बार्ट नोकरीला लागलेला. चाळिशीच्या आतला बाप हवा असेल तर त्याचं तारुण्य पुढे सरकवायलाच हवं होतं. इथवर मी लेखकांच्या बाजूने आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. ‘द वे वी वॉज’मध्ये दशकामुळे माणसं कळत होती, इथे दशक ओळखण्यापुरतं उरलंय. लेझर टॅग आलं, ग्रंज आलं, कोबेन आला, पण १९९० च्या दशकामुळे मार्जच्या मनात काय वेगळं घडलं, हे भाग शोधत नाही. तिचा प्राध्यापकाकडचा ओढाही त्या काळातून आलेला नाही, कथेला अडथळा हवा म्हणून आलाय. एक प्रसंग मात्र खरा उतरलाय. प्रसिद्ध होऊन कोंडून घेतलेल्या होमरच्या घरी मार्ज धावते, त्याच्याजवळ सुया दिसतात, तिला वाटतं हेरॉइन. असतं इन्सुलिन, गोड कॉफीच्या पेयांनी जडलेल्या मधुमेहासाठी. कोबेनच्या पिढीची सगळी भीती त्या गैरसमजात आहे.

तारीख बदलली तर प्रेक्षक सांभाळून घेतो, माणूस बदलला तर घेत नाही, याचा धडा मालिकेला आधीही मिळाला होता. २८ सप्टेंबर १९९७ च्या ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’मध्ये मुख्याध्यापक स्किनर तोतया निघतो, खरं नाव आर्मिन टॅमझेरियन. शेवटी न्यायाधीश फर्मावतात की यापुढे कुणी हा विषय काढायचा नाही. स्किनरला आवाज देणारे हॅरी शियरर यांनी या कथेवर उघड नाराजी व्यक्त केली होती. वर्षानुवर्षं एका माणसावर केलेला विश्वास वाया गेला, ही त्यांची खंत मला रास्त वाटते.

उलट काही गोष्टी मालिकेने जिवापाड जपल्या. ऑक्टोबर १९९५ च्या ‘लिसा द व्हेजिटेरियन’मध्ये पॉल मॅकार्टनी सहभागी झाले ते लिसा कायमची शाकाहारी राहील या अटीवर. ती आजही शाकाहारी आहे. शिक्षिका एडना क्रबॅपल यांना आवाज देणाऱ्या मार्शा वॉलेस ऑक्टोबर २०१३ मध्ये वारल्या, तेव्हा दुसरा आवाज न शोधता ते पात्रच थांबवलं गेलं. सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीवरून नाव ठेवलेला दुकानदार अपू याची कथा आपल्याला जास्त जवळची. हरी कोंडाबोलू यांच्या २०१७ च्या माहितीपटानंतर अपूच्या नकली भारतीय उच्चारावर बोललं गेलं, २०२० मध्ये हँक अझारिया यांनी तो आवाज देणं सोडलं. अपू दुकानात दिसतो, पण बोलत नाही. रेषेतल्या माणसाचं वय थांबवता येतं, त्याच्या आवाजामागच्या माणसाचं नाही.

मार्च २०२१ च्या एका भागात होमर पुन्हा लहान झाला. आता तो १९९० च्या दशकात चौदा वर्षांचा आहे आणि यंत्रमानवांचा बँड असलेल्या पिझ्झाच्या दुकानात काम करतो. म्हणजे २००८ च्या भागात ज्या दशकात तो बँड गाजवत होता, त्याच दशकात तो शाळकरी पोरही आहे. मालिका आणखी दहा वर्षं चालली तर होमरचं तारुण्य स्मार्टफोनच्या काळात येईल. तेव्हा रात्री रस्त्याने एकट्या चाललेल्या मुलाला शोधायला मार्जला गाडी काढावी लागणार नाही, ती फोन करेल. ती भेट नव्याने लिहिताना लेखक गाडीच्या जागी काय ठेवतील आणि त्या शिक्षेच्या खोलीत कोणतं गाणं वाजवतील, याची मला मनापासून उत्सुकता आहे.