मिसिंगचा खरा गुन्हेगार कोण?

सोलापुरातील एखाद्या गॅरेजसमोरून जाताना ‘गाडी मिसिंग करतेय’ हे शब्द तुमच्या कानांवर पडले असतील. अशी मोटार उभी असतानाही थरथरते, चढावर तिचा जोर कमी पडतो आणि एंजिनाच्या आवाजातील ताल मधूनच तुटतो. याचा अर्थ, एखाद्या सिलिंडरमधील पेट्रोल वेळेवर पेटत नाही.

पेट्रोलच्या एंजिनात बहुधा तीन किंवा चार सिलिंडर असतात. प्रत्येकातील दट्ट्या हवा व पेट्रोलचे मिश्रण आत घेतो, दाबतो, पेटलेल्या वायूच्या जोराने खाली ढकलला जातो आणि शेवटी जळका वायू बाहेर लोटतो. या चार क्रियांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. आता कागद-पेन्सिल घ्या. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या आणि चार सिलिंडर मिळून १०० ठिणग्या! क्रँकशाफ्टला एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग पुरतो. ठिणगी नेमक्या अंशावरच पडावी लागते.

पूर्वी हे काम कार्बुरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर ही यांत्रिक साधने करीत. १९७९ साली बॉश कंपनीने बीएमडब्ल्यूच्या मोटारीत ठिणगी आणि इंधन या दोहोंचे नियंत्रण एकाच संगणकाकडे सोपवले. अशा नियंत्रकाला ईसीयू म्हणतात. तो संवेदकांकडून माहिती घेतो आणि इंजेक्टर व कॉइल यांना हुकूम देतो. एक संवेदक क्रँकशाफ्टवरील दातेरी चक्राचे दाते मोजतो, तर दुसरा कॅमशाफ्टवर लक्ष ठेवतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एकच फेरा होतो. त्यामुळे चालू फेरा पहिला की दुसरा, हे ईसीयूला कळते. असे कॅमशाफ्ट सोलापुरातच तयार होतात, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? १९९२ साली स्थापन झालेल्या ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’ या येथील कंपनीचा माल परदेशी मोटारींतही बसतो.

मिसिंग ईसीयूला कसे समजते? पेटलेला प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टला धक्का देतो. एक धक्का चुकला, की दातेरी चक्र क्षणभर मंदावते. कोणाची पाळी चुकली ते ओळखून ईसीयू सांकेतिक क्रमांक नोंदवतो. पी-०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. मिस्त्री स्कॅनर लावून हा क्रमांक वाचतो.

हा दोष केवळ गैरसोयीचा नाही. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन तेथे जळते, आणि अतिउष्णतेने तो निकामी होतो. मग विषारी वायू सरळ हवेत मिसळतात. भारत स्टेज-४ हे प्रदूषणाचे कडक निकष १ एप्रिल २०१० रोजी राजधानी परिसर व मोजक्या शहरांत प्रथम लागू झाले, त्यांत सोलापूर होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ लागू आहे. म्हणून मिसिंग लवकर थांबवणे हे शहराच्या श्वासाचेही काम आहे.

पण क्रमांक ‘कोठे’ एवढेच सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. येथेच खरी विज्ञानदृष्टी लागते. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. आता पी-०३०३ दिसला, तर दोष कॉइलबरोबर हलला, गुन्हेगार सापडला! दोष जागेवरच राहिला, तर हीच अदलाबदल स्पार्क प्लगची व इंजेक्टरची करायची. नंतर सिलिंडरमधील दाब मोजायचा, वायरिंग तपासायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम प्रयोगशाळेत आणि गॅरेजात सारखाच आहे.

हे सर्व निर्दोष ठरले आणि ईसीयूकडून हुकूमच निघत नसल्याचे मोजून दिसले, तरच संशय ईसीयूवर घ्यावा. त्यातील कॉइलला चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर जळलेला असू शकतो. कधी वारंवार तापण्या-निवण्याने डाख तडकतो. मग गाडी सकाळी ठीक चालते आणि तापल्यावर मिसिंग करते.

येथे दोन सापळे आहेत. कॉइलमधील शॉर्टमुळे ट्रान्झिस्टर जळला असेल आणि तीच कॉइल ठेवून नवा ईसीयू बसवला, तर तोही जळेल. दुसरा सापळा अधिक फसवा आहे. ईसीयू बदलताना जोडणी काढून पुन्हा बसवावी लागते. त्या घासण्याने पिनांवरचा हिरवा गंज निघाला, तर मिसिंग थांबते आणि श्रेय मात्र महागड्या नव्या पेटीला मिळते!

मग खात्री कशी करावी? शक्य असल्यास जुना ईसीयू पुन्हा जोडून पाहावा. मिसिंग परत आले आणि नवा जोडताच गेले, तर निदान पक्के. जुन्यावरही एंजिन सुरळीत चालले, तर दोष बहुधा जोडणीत होता. नव्या ईसीयूला गाडीची किल्ली व माहिती ओळखून द्यावी लागते, म्हणून हे काम जाणकार मिस्त्रीनेच करावे आणि पेटी काढण्याआधी बॅटरी सोडवावी.

आता तुम्हांला एक कोडे. चार सिलिंडरांच्या एका मोटारीत दोष एका ठिकाणी न राहता चारही सिलिंडरांत आळीपाळीने दिसतो. आता एका कॉइलवर संशय घेणे योग्य होईल का? चौघांना समाईक असलेल्या वस्तूंची यादी करा आणि वर्गात शिक्षकांबरोबर तिच्यावर चर्चा करा.