सुट्टीत लोळणाऱ्यांसाठी भक्कम पुरावा 😄

दिवाळीचा फराळ चापून दुपारी आडवे झालात आणि कुणी टोमणा मारला, तर खुशाल आँरी प्वांकारेचं नाव घ्या. हा फ्रेंच गणितज्ञ १८८०च्या सुमारास नव्या प्रकारच्या फलनांवर डोकेफोड करत होता. मग काम टाकून तो भूशास्त्राच्या सहलीला गेला आणि प्रवासात गणित पार विसरला. कूतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला, तोच लख्ख उजेड पडला: आपल्या फलनांमागची रूपांतरणं आणि युक्लिडबाहेरच्या भूमितीतली रूपांतरणं एकच! गंमत म्हणजे पठ्ठ्याने कागद शोधला नाही. सोबत्याशी चाललेल्या गप्पा तशाच पुढे चालू ठेवल्या. पडताळणी घरी परतल्यावर, निवांत. पुढे दुसऱ्या एका प्रश्नाने वैतागून तो समुद्रकिनारी गेला, तर तिथेही कड्यावर फिरताना उत्तर हजर.

हे त्याने १९०८ साली पॅरिसच्या व्याख्यानात सांगितलं. अशाच अनुभवांना धरून इंग्लिश विचारवंत ग्रॅहम वॉलसने १९२६च्या ‘द आर्ट ऑफ थॉट’मध्ये सर्जनाचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरवण, उजेड, पडताळणी. मुरवण म्हणजे प्रश्न बाजूला ठेवणं. मला हाच टप्पा सगळ्यात छान जमतो. तयारीबद्दल मात्र कृपया विचारू नये.