धाराशिव जिल्ह्यातील सौर कृषिपंप आणि भूजल

प्रस्तावना :
बालाघाटच्या डोंगररांगांतील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हा अवर्षणप्रवण जिल्हा असून येथील बागायत शेती मोठ्या प्रमाणात विहिरी व कूपनलिकांवर अवलंबून आहे. कृषिवाहिन्यांना आळीपाळीने दिवसा व रात्री वीज देण्याच्या पद्धतीमुळे शेतकऱ्यास पिकांना पाणी देण्यासाठी रात्री-अपरात्री शेतात जावे लागते. सौर ऊर्जेच्या प्रसाराचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

योजनांचे स्वरूप :
केंद्र शासनाने २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान, तर २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना सुरू केली. राज्याच्या २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यास किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्याहून अधिक जमिनीसाठी ७.५ अश्वशक्तीचा पंप देय आहे. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत मात्र स्वतंत्र पंपाऐवजी संपूर्ण कृषिवाहिनीस दिवसा सौर वीज पुरविली जाते.

भूजलाचा प्रश्न :
सौरपंप बसविल्यानंतर पाणी उपशाचा चालू खर्च जवळजवळ राहत नाही. ग्रिडशी न जोडलेल्या पंपाची शिल्लक वीज विकताही येत नाही. परिणामी, गरजेपेक्षा अधिक उपसा होण्याचा धोका संभवतो. येथील बेसाल्ट खडकाची जलधारणक्षमता मर्यादित आहे. ऐन उन्हाळ्यात, सूर्यप्रकाश मुबलक असताना, विहिरी आटतात आणि पंप निरुपयोगी ठरतो.

समारोप :
दिवसा मिळणाऱ्या विजेने शेतकऱ्याचे रात्रीचे जागरण टळेल, हा लाभ मोठा आहे. तो टिकविण्यासाठी पंपाच्या मंजुरीसोबतच ठिबक सिंचन, विहीर पुनर्भरण व कमी पाण्याची पीकरचना यांचा एकत्रित विचार होणे अगत्याचे आहे.