साधा अंत्यविधी : कायदा काय मागतो, समाज काय मागतो

अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर प्रवास केला म्हणजे धारणी लागते. तापीच्या खोऱ्यातील हा तालुका मध्य प्रदेशाच्या सीमेला भिडलेला आहे. वस्ती मुख्यत्वे कोरकूंची. त्यांच्याबरोबर गवळी, बलाई, निहाल, गोंड, बौद्ध, मुस्लिम अशीही कुटुंबे येथे नांदतात. मृतास निरोप देण्याची प्रत्येकाची रीत निराळी असली तरी एक प्रश्न सर्वांच्याच दारी सारखा उभा राहतो. घरातील माणूस गेल्यावर भटजी, दशक्रिया, तेरवी, गावजेवण यांपैकी काहीही न करता केवळ दहन अथवा दफन करून मोकळे होण्याची एखाद्या कुटुंबाची इच्छा असेल, तर तसे करता येते काय?

कायद्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. कोणताही धार्मिक विधी करण्याची सक्ती कायदा करीत नाही. मृतदेहाची नेमून दिलेल्या जागी योग्य विल्हेवाट व्हावी आणि मृत्यूची नोंद व्हावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे. मंत्र म्हटले की नाही, पिंड ठेवले की नाही, सरणाला अग्नी मुलाने दिला की मुलीने, याची विचारणा कोणत्याही कार्यालयात होत नाही. शेवटचा मुद्दा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. केवळ मुली असलेल्या घरी दूरच्या पुतण्याची वाट पाहत प्रेत ताटकळत ठेवले जाते. वास्तविक जोतीराव फुले यांच्या अंत्ययात्रेत १८९० साली सावित्रीबाईंनीच पुढे होऊन टिटवे धरल्याची हकिकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

नोंदीबाबत मात्र हयगय होता कामा नये. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. घरी मृत्यू झाल्यास ही जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, रुग्णालयात झाल्यास रुग्णालयाची. नोंद मृत्यू ज्या ठिकाणी झाला तेथे होते, मृताच्या गावी नव्हे. धारणी तालुक्यातील रुग्ण अमरावतीच्या रुग्णालयात दगावला तर दाखला अमरावती महानगरपालिकेकडून घ्यावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे कुटुंबास विनाकारण हेलपाटे पडतात. मुदतीत केलेल्या नोंदीचा दाखला विनामूल्य मिळतो. मुदत टळल्यास विलंब शुल्क, त्यानंतर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि एक वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी वाट लांबत जाते.

साधेपणा म्हणजे घाई नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. सर्पदंश, बुडणे, वीज पडणे, वन्य प्राण्याचा हल्ला अशा कारणांनी मृत्यू झाला असेल, तर पोलिसांना कळविल्याशिवाय व शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधी उरकू नये. जंगलाच्या प्रदेशात असे प्रसंग दुर्मीळ नाहीत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी कुटुंबास मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळतात आणि सर्पदंशाचाही त्यात समावेश आहे. परंतु कागदपत्रेच नसतील तर हक्क सिद्ध कशाने करावयाचा? घाईने पेटविलेल्या सरणाबरोबर पुरावाही जळून जातो.

कायद्याची मागणी अशी मोजकी आहे. समाजाची मागणी मोठी असते, आणि खर्च खरा तेथे होतो. सरणाची लाकडे, गोवऱ्या, रॉकेल, नवे कापड यांचा खर्च गावकरी बहुधा वाटून घेतात. तेरवीचा खर्च मात्र एकट्या घरावर पडतो. घरातील कर्ता गेला असेल तर मिळकत थांबलेली आणि त्याच पंधरवड्यात साऱ्या भावकीचे जेवण. त्यासाठी बैल विकला जातो, शेत गहाण पडते. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील घरातील १८ ते ५९ वर्षे वयाची कमावती व्यक्ती मरण पावल्यास एकरकमी २० हजार रुपये मिळतात. ते विधवेच्या आणि मुलांच्या उदरनिर्वाहासाठी आहेत. पंगतीसाठी काढलेले कर्ज फेडण्यात ते संपावेत, यासारखी दुर्दैवी गोष्ट नाही.

राजस्थानाने १९६० साली मृत्युभोज निवारणाचा कायदाच केला. वऱ्हाडात हे काम अधिक करून कीर्तनाने आणि खंजिरीने केले. याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोड जेवण दिले आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. कर्ज काढून सण आणि दिवस करू नका, हे ते पुढे गावोगाव सांगत राहिले. जेथे मरण येईल तेथेच आपल्याला अग्नी द्यावा, समाधी वा मूर्ती उभारू नये, असे त्यांचे सांगणे होते. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे देहावसान झाले. लोकांनी अंत्यसंस्कार अमरावतीत केला आणि समाधीही बांधली. एवढ्या मोठ्या पुरुषाचीही इच्छा प्रेमापोटी बाजूला राहिली! राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे, यावरून हा विषय त्यांना किती महत्त्वाचा वाटत होता ते कळते.

यास्तव ज्याला स्वतःचा अंत्यविधी साधा हवा असेल त्याने ते हयातीतच घरच्यांना आणि चार शेजाऱ्यांना स्पष्ट सांगून ठेवावे. केवळ मृत्युपत्रात लिहून भागत नाही, कारण मृत्युपत्र बहुधा सर्व उरकल्यानंतर उघडले जाते.

कोरकू समाजाच्या बाबतीत निराळा विचार करावा लागतो. त्यांच्यात दफनाची रीत आहे आणि ते दफन मुळातच साधे असते. मोठा विधी असतो तो नंतरचा, सिडोलीचा. मृताच्या स्मरणार्थ चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरलेला लाकडी मुंडा त्या वेळी रोवतात. हे कोरीव खांब म्हणजे मेळघाटच्या कलेचे लेणे होय आणि साधेपणाच्या नावाखाली बाहेरच्या कोणी ते बंद पाडू पाहणे सर्वथा अनुचित ठरेल. शिवाय या प्रथेतच एक शहाणपण आहे. सिडोली लगेच करावी लागत नाही. घरची ऐपत होईपर्यंत ती काही वर्षेही थांबू शकते, आणि घरातील अनेक मृतांची एकदमच करता येते. तेराव्या दिवसाचा तगादा लावणाऱ्या समाजांनी या रीतीकडे जरा निरखून पाहावे.

राहता राहिला प्रश्न भयाचा. तेरवी घातली नाही तर पुढच्या मयतीला कोणी खांदा देणार नाही, मुलींची लग्ने जुळणार नाहीत, ही धास्ती कुटुंबास कर्जात लोटते. जातपंचायतीने अशा कारणावरून कोणास वाळीत टाकले तर तो अपराध आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम जुलै २०१७ पासून अंमलात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. तक्रार पोलीस ठाण्यात अथवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते.

तथापि दुःखात बुडालेले घर पोलीस ठाण्याची पायरी क्वचितच चढते. त्यापूर्वीच गावाने त्यास अभय दिले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे गावाने एकमताने थांबविले. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. धारणी तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्यान्वये येथील ग्रामसभेस आपल्या चालीरीतींविषयी विचार करण्याचा अधिकार विशेषच आहे. जो विधी करील त्याला आडकाठी नाही आणि जो करणार नाही त्याला बोल नाही, असा दोन ओळींचा ठराव ग्रामसभेस करता येईल. तो मांडताना सभेत स्त्रिया हजर असाव्यात. पंगतीसाठी काढलेल्या कर्जाचे ओझे शेवटी त्यांच्याच अंगावर पडते. ज्या गावी स्मशानशेड, जोतरस्ता वा पाण्याची सोय नाही, तेथे त्याच सभेत जनसुविधा योजनेखाली मागणीही नोंदविता येईल. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर सरण रचणाऱ्यांना त्या शेडचे मोल अधिक सांगावे लागत नाही.