आकडा गावाचा, गणित संगणकाचे

विकासाच्या एखाद्या प्रकल्पात संगणक आला की चर्चा बहुधा यंत्राभोवतीच फिरते. किती संगणक घेतले, कोणती प्रणाली बसवली, इंटरनेट पोहोचले का, असे प्रश्न विचारले जातात. पण संगणकाला स्वतःहून काहीच दिसत नाही. शेतातली माती भारी की हलकी, विहिरीला पाणी किती, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. सांगणारा चुकला तर गणित बिनचूक होऊनही उत्तर चुकते. हे सांगण्याचे आणि तपासण्याचे काम पुष्कळदा स्वयंसेवकांकडे असते. ते नेमके काय करतात, ते या लेखात पाहू.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने 1970 साली स्वयंसेवक कार्यक्रमाची स्थापना केली. 2000 साली त्या वेळचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी माहिती-तंत्रज्ञानासाठी स्वयंसेवकांची एक खास सेवा सुरू करण्याची घोषणा केली. घरी बसून, इंटरनेटवरून मदत करण्याची सोयही त्याच सुमारास झाली. तक्ते तयार करणे, नकाशे रेखणे, भाषांतर करणे, प्रशिक्षणाचे साहित्य लिहिणे अशी कामे दूर राहूनही होतात. मात्र याच कामाचा दुसरा अर्धा भाग जागेवर गेल्याशिवाय होत नाही. तो समजून घ्यायला यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण चांगले आहे.

पाण्याचा जमाखर्च

जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलर कर्जाच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने 2018 साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी निवडलेल्या सुमारे 5 हजार गावांत यवतमाळ जिल्ह्यातील गावेही होती. प्रत्येक गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मगच कामे ठरवावीत, अशी त्यातली कल्पना होती. ताळेबंदाची पद्धत मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केली आणि ती क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत बसवली. ही प्रणाली 2002 साली गॅरी शर्मन यांनी सुरू केली. पुढे ती जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवली आणि ती कोणालाही विनामूल्य मिळते.

ताळेबंदाचे मूळ तत्त्व शाळेतल्या मुलालाही कळेल असे आहे. 1 हेक्टर जमिनीवर 1 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 घनमीटर, म्हणजे 10 हजार लिटर पाणी मिळते. यवतमाळ जिल्ह्यात वर्षाला सुमारे 900 मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर 500 हेक्टरच्या शिवारात 450 कोटी लिटर पाणी पडते. ही झाली जमा. खर्चाच्या बाजूला चार खाती असतात. काही पाणी वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते, काही झिरपून भूजलाला मिळते, तर काही पिकांतून आणि जमिनीवरून वाफ होऊन जाते. कोणत्या खात्यात किती पाणी जाईल, हे मातीचा पोत, तिची खोली, जमिनीचा उतार आणि पीक यांवर ठरते. संगणक रोजच्या पावसाचा आकडा घेतो आणि या चार खात्यांत पाण्याची वाटणी करीत जातो.

एका आकड्याची किंमत

आता मातीच्या खोलीचा एकच आकडा घेऊ. खोल काळी माती दर मीटर खोलीला पिकाला घेता येईल असे ढोबळमानाने 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरते. उलट, टेकडीच्या उतारावर 25 सेंटिमीटर खोलीची हलकी जमीन असेल तर ती जेमतेम 30 ते 40 मिलिमीटर पाणी धरते. भर वाढीतल्या कपाशीला दिवसाला सुमारे 5 मिलिमीटर पाणी लागते. पावसाने 15 दिवस दडी मारली तर 75 मिलिमीटर पाणी हवे. खोल जमिनीतले पीक हा खंड सोसते. हलक्या जमिनीतले पीक सात-आठ दिवसांतच सुकू लागते.

समजा, नोंद करताना अशा बरड जमिनीची खोली 1 मीटर लिहिली गेली. संगणक सांगेल, पिकाला धोका नाही, शेततळ्याची गरज नाही. गणितात कोठेही चूक सापडणार नाही, पण शेतकऱ्याचा हंगाम मात्र गेलेला असेल. यवतमाळसारख्या, मुख्यतः पावसावर कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यात ही चूक लहान म्हणता येत नाही.

अशी चूक होते कशी? मातीचा नकाशा मोठ्या प्रदेशासाठी काढलेला असतो. नकाशात एका रंगाने दाखवलेल्या पट्ट्यात प्रत्यक्षात दोन-तीन प्रकारच्या जमिनी असू शकतात. बांधापलीकडे जमीन बदलते, हे शेतकऱ्याला माहीत असते. पण तो ‘भारी’, ‘हलकी’, ‘मुरमाड’, ‘बरड’ असे शब्द वापरतो, आणि तक्त्यात मात्र सेंटिमीटर आणि टक्के यांचे रकाने असतात. यवतमाळमध्ये भाषेचाही प्रश्न आहे. येथे मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि गोरमाटी या भाषा बोलल्या जातात. प्रश्न नीट कळला नाही तर उत्तर अंदाजाने दिले जाते आणि अंदाज आकडा होऊन बसतो.

स्वयंसेवकाचे काम

जागतिक बँक कर्ज देते, पण शिवारात खड्डा खणून माती पाहणारे हात गावातच शोधावे लागतात. या प्रकल्पात सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समित्या नेमल्या गेल्या आणि शिवारफेरी काढून, गावकऱ्यांशी बोलून आराखडे करायचे ठरले. तंत्रज्ञान जाणणारा स्वयंसेवक, मग तो गावचा असो वा बाहेरचा, अशा ठिकाणी तीन कामे करू शकतो.

पहिले काम दुभाष्याचे. शेतकऱ्याचा शब्द आणि तक्त्यातला रकाना यांची गाठ तो घालून देतो. दुसरे काम तपासनिसाचे. यवतमाळ शहराचे स्थान सुमारे 20.39 अंश उत्तर अक्षांश आणि 78.13 अंश पूर्व रेखांश असे आहे. हे दोन आकडे उलटे भरले तर यवतमाळ थेट आर्क्टिक महासागरातील स्वालबार्ड बेटांजवळ जाऊन पडते! अशी मोठी चूक लगेच दिसते. लहान चूक मात्र लपून राहते. दशांशचिन्हापुढे दोनच अंक लिहिले तर स्थान सुमारे 1 किलोमीटरपर्यंतच नक्की होते, चार अंक लिहिले तर सुमारे 11 मीटरपर्यंत. एक हेक्टरचे चौरस शेत 100 मीटर रुंद असते. म्हणजे दोन अंकांवर शेत ओळखताच येणार नाही.

तिसरे काम शिक्षकाचे, आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. स्वयंसेवक काही महिन्यांनी निघून जातो, तक्ता मात्र दरवर्षी भरावा लागतो. गावातल्या दोघा-तिघांना नोंद करणे, ती दुसऱ्याकडून तपासून घेणे आणि बिघाड झाल्यास काय करावे हे आले, तरच ती व्यवस्था टिकते. नाहीतर स्वयंसेवकापाठोपाठ तीही बंद पडते. म्हणून स्वयंसेवकाने किती संगणक चालू केले, एवढ्यावरून त्याचे काम मोजू नये. तो गेल्यावर किती चालू राहिले, हेही पाहावे.

शाळेत काय करता येईल?

या कामाची तयारी शाळेतही होऊ शकते आणि त्यासाठी संगणक लागत नाही. पावसाळ्यात सरळ कडांच्या डब्यात रोज सकाळी पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी आणि पाणी ओतून द्यावे. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचा आकडा न पाहता नोंद करावी, मग फरक किती येतो ते पाहावे. शाळेच्या छपराच्या क्षेत्रफळावरून पडलेल्या पाण्याचे लिटर काढावेत. परिसरातील एका विहिरीची पाणीपातळी दर पंधरवड्याला मोठ्या माणसांच्या सोबतीने काठावरूनच, दोरी सोडून मोजावी. वर्षअखेर या दोन नोंदींचे आलेख शेजारी ठेवले की पाऊस आणि भूजल यांचे नाते मुलांना दिसेल.

त्याहून एक गोष्ट त्यांच्या कायम लक्षात राहील. पडद्यावरचा प्रत्येक आकडा कोणीतरी, कोठेतरी, कशानेतरी मोजलेला असतो. ‘हा कोणी मोजला आणि कसा?’ हे विचारण्याची सवय लागलेला विद्यार्थी उद्या कोणत्याही प्रकल्पात गेला तरी उपयोगी पडेल.